‘पहिली’ म्हटल्यानंतर काय उरते?

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगाव परिसरातील ‘अमेरिका-इंडिया’ या चित्रगृहात धुंडिराज गोविंद फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त वावरत होता आणि फाळक्यांच्या मनःचक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहत होते. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवली. ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की मराठी वाचकाला ती जवळजवळ पाठ असते. तोच चित्रपट पुन्हा पाहायला जाताना त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना बरोबर नेले, हेही आपण ऐकलेले असते.

मात्र तो चित्रपट केला कोणी होता, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारला नाही. त्या काळी ख्रिस्तचरित्रावर अनेक कंपन्यांनी पट काढले होते. फाळक्यांनी पाहिला तो पाते कंपनीचा असावा, असे काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते तो गोमाँ कंपनीचा १९०६ सालचा पट होता. वाद मिटलेला नाही. पण दुसरे मत खरे असेल, तर भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेच्या उंबरठ्यावरच एक स्त्री उभी आहे, असे म्हणावे लागेल. कारण गोमाँचा तो पट दिग्दर्शित केला होता आलिस गी या बाईने.

आलिस गी यांचे नाव आज जागतिक चित्रपटाच्या अभ्यासक्रमांत ‘पहिली स्त्री-दिग्दर्शक’ म्हणून येते. विशेषण खरे आहे. पण त्याने फारसे काही कळत नाही. पहिली म्हटले की नमस्कार करून पुढे जाता येते. ती काय करीत होती, तिच्या चित्रपटांचे काय झाले आणि तिला विसरण्याची क्रिया नेमकी कशी घडली, हे पाहिले तर चित्रपटाचा इतिहास कोणत्या साहित्यातून लिहिला जातो, याचाच उलगडा होतो.

आलिसचा जन्म १८७३ मध्ये पॅरिसजवळ झाला. वडिलांचा दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पुस्तकविक्रीचा व्यवसाय होता. तो बुडाला, पाठोपाठ वडीलही गेले आणि आईला सांभाळण्यासाठी मुलीने टंकलेखन व लघुलेखन शिकून नोकरी धरली. १८९४ मध्ये छायाचित्रणाची उपकरणे विकणाऱ्या एका पेढीत ती लेऑं गोमाँ यांची चिटणीस झाली. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात ल्युमिएर बंधूंनी निवडक मंडळींसमोर आपल्या यंत्राचे प्रात्यक्षिक केले, तेव्हा ती तेथे हजर होती. पॅरिसच्या कॅफेतला तो प्रसिद्ध जाहीर खेळ व्हायला अजून नऊ महिने होते.

गोमाँना रस होता तो यंत्र विकण्यात. यंत्र चालते हे दाखवण्यापुरते रस्ते, रेल्वेगाड्या आणि लष्करी कवायती टिपल्या जात. या यंत्राने गोष्ट सांगता येईल, असे त्यांच्या चिटणीस बाईंना वाटले आणि त्यांनी तशी परवानगी मागितली. कचेरीच्या पत्रव्यवहारात खंड पडता कामा नये, या अटीवर ती मिळाली. त्यातून ‘कोबीतली परी’ हा मिनिटभराचा पट झाला. फ्रेंच लोककथेत मुले कोबीच्या गड्ड्यात सापडतात; परी ती एकेक काढून दाखवते, एवढेच कथानक. आलिसने आपल्या आठवणींत तो १८९६ चा म्हणून सांगितला आहे. आज उपलब्ध असलेली आवृत्ती मात्र १९०० ची आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यामुळे ‘जगातला पहिला कथापट’ असा दावा छातीठोकपणे करू नये, हे बरे.

तसा दावा करण्याची गरजही नाही. पुढची दहाएक वर्षे ती गोमाँच्या चित्रनिर्मितीची प्रमुख होती, ही गोष्ट पुरेशी मोठी आहे. ख्रिस्तचरित्राचा पट २५ दृश्यांचा आणि अर्ध्या तासाहून अधिक लांबीचा होता आणि त्यात सुमारे ३०० माणसे वावरत होती. ध्वनिमुद्रित तबकडीशी चित्र जुळवून गाणारे-बोलणारे छोटे पट तिने शंभरावर केले, तेही आपल्याकडे ‘आलम आरा’ येण्याच्या पाव शतक आधी. १९०६ मध्येच तिने ‘स्त्रीवादाचे परिणाम’ नावाचा एक खट्याळ पट केला. त्यात पुरुष घरात इस्त्री करतात आणि मुले सांभाळतात, तर बायका कॅफेत बसून मद्य पितात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांची छेड काढतात. आज पाहतानाही हसू येते, आणि मग आपण नेमके कशाला हसलो, असा प्रश्न पडतो.

१९०७ मध्ये हर्बर्ट ब्लाशे यांच्याशी विवाह करून ती अमेरिकेस गेली. १९१० मध्ये तिने ‘सोलॅक्स’ ही स्वतःची चित्रसंस्था काढली आणि १९१२ मध्ये न्यू जर्सीतील फोर्ट ली येथे स्वतःचा स्टुडिओ उभारला. हॉलिवूड तेव्हा अजून चित्रनगरी झालेले नव्हते. त्या स्टुडिओत नटांसाठी ठळक अक्षरांत एक पाटी लावलेली असे: स्वाभाविक वागा. हातवारे आणि डोळे वटारणे म्हणजेच अभिनय, असे मानले जाण्याच्या काळात ही सूचना किती वेगळी होती, हे त्या काळचे इतर मूकपट पाहिले की ध्यानात येते. त्याच वर्षी तिने सर्व कलाकार कृष्णवर्णीय असलेला एक विनोदी पटही केला.

पुढे चित्रव्यवसाय कॅलिफोर्नियाकडे सरकला, कर्ज वाढले, संसार मोडला. १९२२ मध्ये दोन मुलांना घेऊन ती फ्रान्सला परतली. त्यानंतर ती ४६ वर्षे जगली आणि या सबंध काळात तिला एकही चित्रपट करायला मिळाला नाही.

खरी हकिकत येथून पुढे सुरू होते. गोमाँ कंपनीचा इतिहास सिद्ध झाला, तेव्हा १९०७ पूर्वीच्या चित्रनिर्मितीला त्यात जागाच नव्हती. आलिसने पत्र लिहून दुरुस्ती सुचवली आणि ती मान्यही झाली, पण छापलेले छापलेलेच राहिले. पुढे इतिहासकारांनी तिचे काही पट तिच्या हाताखाली शिकलेल्या पुरुषांच्या नावावर टाकले. यात सर्वत्र दुष्ट हेतू होता, असे म्हणता येत नाही. त्या काळच्या पटांवर दिग्दर्शकाचे नावच नसे. कंपनीचे बोधचिन्ह असे. नाव नसलेल्या पटाला नाव देताना इतिहासकार अंदाज करतो, आणि अंदाज करताना त्याच्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो. १९२७ मध्ये ती आपले चित्रपट शोधण्यासाठी पुन्हा अमेरिकेस गेली आणि हात हलवीत परतली. स्वतः केलेल्या पटांची यादी तिने आठवणीतून, हाताने लिहून काढली. १९६८ मध्ये न्यू जर्सीत तिचे निधन झाले. तिच्या आठवणींचे पुस्तक निघायला आणखी आठ वर्षे जावी लागली. तिच्या सुमारे हजार छोट्यामोठ्या पटांपैकी दीडशेच्या आसपास आता जगभरच्या संग्रहांतून सापडले आहेत.

फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाईंची हकिकत याहून निराळी आहे. त्यांच्यासाठी दिग्दर्शिका हा शब्द कोणी वापरणार नाही आणि वापरूही नये. पण त्यांनी काय केले, ते पाहा. १९१२ मध्ये फाळके लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन आले. कोरी फिल्म तेव्हा भोकांशिवाय येत असे. कडेला समान अंतरावर भोके पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकत नसे, आणि हे काम संपूर्ण अंधारात, हाताच्या अंदाजाने करावे लागे. दादरच्या घरात रात्री ते सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याची रसायने त्या कालवीत. चित्रण चालू असताना उन्हाचा प्रकाश वळवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. आणि पथकातील साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. आजच्या श्रेयनामावलीत या कामांना चार-पाच स्वतंत्र नावे मिळाली असती. आपल्या इतिहासात ती सगळी मिळून एका वाक्यात आली: पत्नीने दागिने काढून दिले.

दागिने दिले, हे खरेच आहे. पण दागिने देणे हा त्याग ठरतो, भोके पाडणे हे कौशल्य ठरते; आणि आपल्याला बायकांचा त्याग लवकर दिसतो. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटाने निदान सरस्वतीबाईंना खळखळून हसणारी, नवऱ्याच्या खटाटोपात बरोबरीने रमणारी बाई म्हणून उभे केले, हे त्या चित्रपटाचे मोठेच ऋण आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन चित्रगृहात लागला. त्यात तारामतीचे काम साळुंके नावाच्या तरुणाने केले, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. त्यापाठच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई आल्या, आई पार्वती झाली, मुलगी मोहिनी. हीच कमलाबाई पुढे गोखले झाली, अभिनेते चंद्रकांत गोखले यांची आई आणि विक्रम गोखले यांची आजी. पडद्यावरच्या चेहऱ्याला इतिहासात जागा मिळणे तुलनेने सोपे असते, कारण चेहरा दिसतो. कॅमेऱ्यामागच्या हाताची गोष्ट तशी नसते.

जगभर मूकपटाच्या काळात फिल्म कापण्या-जोडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांकडे होते. ते शिवणकामासारखे, नाजूक आणि कमी पगाराचे मानले जाई. संकलन ही चित्रपटाची भाषा आहे, असे सिद्धांत पुढे मांडले गेले, तेव्हा त्यांवर पुरुषांची नावे लागली. झिगा व्हेर्टोव्ह यांचा ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ (१९२९) चित्रपटाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवतात. त्यात एक बाई टेबलाशी बसून फिल्मचे तुकडे निवडताना दिसते. ती येलिझावेता स्विलोवा, त्या चित्रपटाची संकलक आणि व्हेर्टोव्ह यांची पत्नी. चित्रपट आपल्याला ती दाखवतो, तरीही पाहणारे बहुधा कॅमेरा घेऊन धावणाऱ्या पुरुषाकडेच पाहत राहतात.

आता १९२६ या एका वर्षाकडे येऊ. त्या वर्षी मुंबईत फातमा बेगम यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा अद्भुतपट दिग्दर्शित केला. उर्दू रंगभूमीवरून आलेली ही अभिनेत्री अर्देशीर इराणी यांच्या ‘वीर अभिमन्यू’ (१९२२) मधून पडद्यावर आली होती. चार वर्षांत तिने स्वतःच्या नावाची चित्रसंस्था काढली. भारतातील पहिली दिग्दर्शिका ती हीच. तिच्या तिन्ही मुली, झुबेदा, सुलताना आणि शहजादी, चित्रपटांत गाजल्या. पैकी झुबेदा ‘आलम आरा’ची नायिका झाली. त्याच १९२६ मध्ये जर्मनीत लोटे रायनिगर या २६ वर्षांच्या मुलीने ‘राजपुत्र अहमदची साहसे’ हा अद्भुतपट पूर्ण केला. काळा कागद कात्रीने कापून केलेल्या बाहुल्यांच्या सावल्या एकेका चौकटीने हलवून तो साकारला होता. अरबी सुरस कथांचे जग दोन्हीकडे सारखेच. पऱ्या, जादू आणि राजपुत्रही.

रायनिगरच्या पटाची मूळ प्रत दुसऱ्या महायुद्धात गेली. पण एक प्रत ब्रिटनमधील संग्रहात राहिली होती. तिच्यावरून तो पुन्हा उभा करण्यात आला आणि आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा सचेतनपट म्हणून तो सगळीकडे दाखवला जातो. त्या बाहुल्यांची बोटे कशी हलतात, कोणत्या प्रसंगाला कोणता रंग दिला आहे, यांवर अभ्यासक लेख लिहितात. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ची एकही प्रत उरलेली नाही. फातमा बेगमने कॅमेरा कोठे ठेवला, पऱ्या कशा उडवल्या, तिची दृश्ये लांब होती की तुटक, यांतले काही म्हणजे काहीच आपल्याला सांगता येत नाही. म्हणून आपण ‘पहिली’ म्हणतो आणि थांबतो. तिच्याविषयी बोलायला दुसरे काही उरलेलेच नाही.

भारतात तेराशेच्या वर मूकपट तयार झाले असे मानले जाते. त्यांतले पूर्ण-अपूर्ण धरून आज जेमतेम तीसएक शिल्लक आहेत. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती सहज पेट घेई, दमट हवेत चिकट होऊन सडे. आणि तीत चांदी असल्यामुळे खेळ उतरल्यावर ती भंगारात विकली जाई. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बहुतेक सगळे गेले होते. हा नाश बाई-पुरुष पाहून झाला नाही. पण ज्यांच्या कामाविषयी बाहेरही काही लिहिले गेले नव्हते, ज्यांच्या कंपन्या चार-दोन वर्षांत मोडल्या, ज्यांचे नाव पुढे चालवणारी स्टुडिओची गादी नव्हती, त्यांना तो अधिक लागला; आणि त्यांत स्त्रिया अर्थातच जास्त होत्या.

हॉलिवूडमध्ये हाच काळ पैशाने बदलला. चित्रपट हा जोपर्यंत तंबूतला खेळ होता, तोपर्यंत त्यात शिरायला कोणी कोणाला अडवीत नव्हते. १९१६ च्या सुमारास लोइस वेबर या युनिव्हर्सल कंपनीच्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या दिग्दर्शकांत होत्या. पुढे बँकांचे भांडवल आले, मोठे स्टुडिओ झाले, प्रत्येक कामाचे खाते ठरले. आणि दिग्दर्शकाच्या खुर्चीला प्रतिष्ठा येताच ती पुरुषाची झाली. तिसाच्या दशकात मोठ्या स्टुडिओंत नियमितपणे दिग्दर्शन करणारी डोरोथी आर्झनर ही जवळजवळ एकटीच उरली. ‘द वाइल्ड पार्टी’ (१९२९) करताना नायिकेला मोकळेपणाने फिरता यावे म्हणून तिने ध्वनिग्राहक मासेमारीच्या लांब काठीला बांधून डोक्यावर धरायला लावला. तशी काठी धरलेला माणूस आज प्रत्येक चित्रीकरणस्थळी दिसतो.

आपल्याकडे बोलपटाच्या काळात जद्दनबाईंनी चित्रसंस्था काढून दिग्दर्शन केले. शोभना समर्थ यांनी १९५० मध्ये ‘हमारी बेटी’ दिग्दर्शित करून त्यातून कन्या नूतनला पडद्यावर आणले. ही नावे सुटी सुटी आहेत. एकीने दुसरीला घडवले, अशी परंपरा तयार झाली नाही. प्रत्येकीला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. म्हणूनच आपल्या चित्रपटाच्या इतिहासात ‘पहिली’ हे विशेषण इतक्या जणींना लागलेले दिसते.

मराठी भाषकांपुरते बोलायचे तर सातत्याने आणि स्वतःच्या शैलीत काम करणारी पहिली मोठी दिग्दर्शिका (विशेषण मलाही टाळता आले नाही!) म्हणजे सई परांजपे. आई शकुंतला परांजपे यांनी शांतारामांच्या ‘कुंकू’त काम केले होते आणि पुढे कुटुंबनियोजनाच्या प्रचारात आयुष्य घातले. सईंनी नभोवाणी, बालनाट्य, दूरदर्शन अशा वाटांनी येऊन ‘स्पर्श’ (१९८०), ‘चश्मेबद्दूर’ (१९८१) आणि ‘कथा’ (१९८३) हे तीन हिंदी चित्रपट लागोपाठ दिले. ‘कथा’ हे तर स. गं. साठ्ये यांच्या मराठी नाटकावरून आलेले, मुंबईच्या चाळीतले ससा-कासव. या चित्रपटांना नेहमी ‘हलकेफुलके’ म्हणतात. माझ्या मते हे विशेषणही ‘पहिली’सारखेच आहे, प्रेमाने दिलेले, पण विचार थांबवणारे. ‘चश्मेबद्दूर’मध्ये मुलीच्या मागे लागणाऱ्या हिंदी चित्रपटातील नायकाची जी यथेच्छ टिंगल आहे, ती त्या काळच्या कोणत्याही गंभीर चित्रपटाइतकीच धारदार आहे. आणि ‘स्पर्श’मध्ये अंध मुख्याध्यापकाचा अहंकार सहानुभूतीचे वंगण न लावता दाखवणे ही सोपी गोष्ट नव्हती. त्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. रंगभूमी गाजवलेल्या विजया मेहता यांनी ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘रावसाहेब’ केले, स्मिता तळवलकर यांनी निर्मितीबरोबर ‘सवत माझी लाडकी’चे दिग्दर्शन केले, चित्रा पालेकर यांनी महाश्वेता देवींच्या कथेवरून ‘माती माय’ केला. या प्रत्येकीवर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

पण एका व्यक्तीपाशी अधिक थांबावेसे वाटते, कारण इतिहासातली जागा कशी ठरते, हे तिच्या कामात आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. सुमित्रा भावे मूळच्या समाजशास्त्राच्या. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्या शिकवीत होत्या, वस्त्यांतील दलित स्त्रियांच्या जीवनावर संशोधन करीत होत्या. ज्या स्त्रियांवर हे संशोधन, त्यांना अहवाल वाचता येत नाही. मग तो त्यांच्यापर्यंत न्यायचा कसा? या अडचणीतून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट निघाला. चित्रपटाचे कसलेही शिक्षण घेतलेले नव्हते. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पाठोपाठ ‘पाणी’लाही. पुढे चित्रपट-प्रशिक्षण घेतलेले सुनील सुकथनकर त्यांच्याबरोबर आले आणि ‘दोघी’ (१९९५) पासून दोघांच्या नावाने ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘नितळ’, ‘अस्तु’, ‘कासव’ असे चित्रपट होत राहिले.

एड्स, छिन्नमनस्कता, कोड, स्मृतिभ्रंश, नैराश्य अशी त्यांच्या विषयांची यादी केली, तर ते आरोग्यखात्याचे प्रचारपट वाटतील. प्रत्यक्षात ‘अस्तु’मध्ये विस्मृतीत हरवलेला एक संस्कृत पंडित रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे लहान मुलासारखा चालू लागतो आणि माहुताच्या झोपडीत, कानडी बोलणाऱ्या त्याच्या बायकोच्या मायेत जाऊन पोचतो. लेकीला ओळखू न शकणारा तो म्हातारा या परक्या बाईला ‘आई’ मानू लागतो. सीमाभागातील वाचकाला त्या झोपडीतली मिसळलेली भाषा सांगावी लागणार नाही. माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही २०१३ मध्ये पूर्ण झालेला हा चित्रपट चित्रगृहांत यायला २०१६ उजाडले.

आलिस गीचे पट हरवले, फातमा बेगमचे सडले. आपल्या काळात चित्रपट डब्यात सुरक्षित असतो आणि तरी दिसत नाही. शनिवारी दुपारी बाराचा एखादा खेळ, तोही दूरच्या चित्रगृहात. आणि दुसऱ्या आठवड्यात तोही उतरलेला. मडगाव, बेळगाव किंवा इंदूरच्या मराठी प्रेक्षकापर्यंत असे किती चित्रपट पोचतात, याचा हिशेब ज्याने-त्याने स्वतःशी करावा. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो म्हणून गोव्यातील रसिकांना निदान नोव्हेंबरातले काही दिवस तरी ही खिडकी उघडी मिळते. महोत्सवांतून ‘स्त्री-दिग्दर्शिका’ असा वेगळा विभाग काढण्याची रीत आहे. ती सोयीची आहे, पण त्यामुळे सुमित्रा भावेंचा चित्रपट दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शिकेच्या चित्रपटाशेजारी ठेवला जातो. एकाच विषयावरील, एकाच मातीतल्या पुरुषाच्या चित्रपटाशेजारी ठेवला जात नाही. तुलना झाली नाही की मूल्यमापनही होत नाही, फक्त कौतुक होते.

अशी तुलना होऊ लागली की काय घडते, याचे एक उदाहरण अलीकडचेच आहे. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक दर दहा वर्षांनी जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपटांचा कौल घेते. १९६२ ते २००२ ‘सिटिझन केन’ आणि २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ प्रथम होते. २०२२ मध्ये मत देणाऱ्यांची संख्या ८४६ वरून १,६३९ वर नेली गेली आणि शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘जान दिलमान’ (१९७५) पहिला आला. दहा वर्षांपूर्वी तो पहिल्या तिसांतही नव्हता. चित्रपटात एक विधवा तीन तास वीस मिनिटे स्वयंपाकघरात वावरते. बटाटे सोलते, कॉफी करते, दिवे मालवते, आणि तिच्या दिनक्रमाला हळूहळू तडा जात राहतो. बदल चित्रपटात झाला नव्हता, विचारणा कोणाकडे केली जाते यात झाला होता. या निकालावर पुष्कळांनी नाके मुरडली. त्यांतल्या कितीजणांनी बटाटे सोललेले असतील, हा प्रश्न वेगळा.

सुमित्रा भावेंच्या बाबतीत एक अडचण आणखी आहे. सह-दिग्दर्शनामुळे त्यांचे श्रेय वाटून घेतलेले आहे, आणि ते तसेच असायला हवे. परंतु जवळजवळ सगळ्या चित्रपटांची कथा-पटकथा त्यांची होती. अनेकदा वेशभूषा आणि कलादिग्दर्शनही त्याच पाहत. पात्राने कोणते जुनेर नेसावे आणि ओट्यावर कोणते भांडे असावे, हे ठरवणे हाही त्यांच्या दिग्दर्शनाचाच भाग होता. उद्याचा इतिहासकार पुरस्कारांच्या यादीवरून लिहू लागला, तर हे त्याला दिसणार नाही. म्हणून ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केले, त्या नटांनी, तंत्रज्ञांनी आणि वेशभूषेच्या सहायकांनी ते आताच लिहून ठेवायला हवे. आलिस गीला आपली यादी आठवणीतून एकटीने करावी लागली होती.

२०१७ च्या एप्रिलमध्ये ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ जाहीर झाले. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. जगणे नकोसे झालेला एक तरुण कोकणच्या किनाऱ्यावरील एका घरात येतो. तेथे एक म्हातारा कासवांची अंडी जपण्याच्या खटपटीत असतो. त्या तरुणाला कोणी काही विचारत नाही, उपदेश करीत नाही. फक्त जेवायला हाक मारतात. मोरजी किंवा गालजीबागच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांभोवतीची कुंपणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही राखण करण्याची पद्धत लगेच ओळखू येईल. जवळ जायचे नाही, हात लावायचा नाही, पण नजर ठेवायची.

सुमित्राताई १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात गेल्या. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवर बेतलेला त्यांचा ‘दिठी’ पुढच्याच महिन्यात प्रदर्शित झाला. महामारीमुळे चित्रगृहे बंद होती, त्यामुळे लोकांनी तो घरच्या पडद्यावर पाहिला. तरुण मुलगा पुरात वाहून गेलेला एक वारकरी लोहार विठ्ठलावर रुसून बसला आहे. पाऊस थांबत नाही. शेजारची गाय अडली आहे, आणि तिला सोडवण्याचे कसब गावात त्याच्याच हातांत आहे. तो उठतो.